भाच्याचा गेमिंग कॉम्प्युटर आणि दाजींचं ‘आधी अभ्यास’

पत्र थोडक्यात असं : लिहिणारे पारोळा तालुक्यातले शेतकरी, वय चाळिशीच्या आत. मोठी बहीण धरणगावकडच्या एका खेड्यात दिलेली. दाजींची दोन एकर कोरडवाहू आणि हंगामात जिनिंगवर काम. त्यांचा मुलगा यंदा अकरावी सायन्सला, एसटीने कॉलेजला ये-जा करतो. फोनवर गेम खेळतो, यूट्यूबवर कॉम्प्युटर जोडायचे व्हिडिओ बघतो आणि वर्षभर मामाच्या मागे लागलाय की ‘गेमिंग पीसी’ पाहिजे, त्यात आरटीएक्स, म्हणजे गेमची चित्रं वेगाने काढणारं ग्राफिक्स कार्ड पाहिजे. दाजी एकदाच बोलले, ‘‘आधी अभ्यास, मग बघू.’’ मामांनी कापसाच्या पैशातून ४५ हजार बाजूला काढलेत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी येईल, तेव्हा कुणाला न सांगता कॉम्प्युटर भाच्यापुढे ठेवायचा बेत आहे. जवळचा एक दुकानदार ‘आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स’ असा तयार पीसी २४ हजारांत देतोय. पुण्यातल्या चुलतभावाने धाडलेली यादी ८५ हजारांवर जाते. आई म्हणते, पोरगा बिघडेल. पत्राचा शेवट असा : ‘‘ताई, मना भाचा शे. मी नही करसू त कोन करी? कोनता लेऊ, तेवढं सांगा.’’

भाऊ,

कोणता घ्यायचा ते सांगते, पार्टांच्या नावांसकट सांगते. पण तुमच्या पत्रात मध्येच एक ओळ येऊन गेलीय, तिथे मी थांबले. तुमच्या आयटीआयच्या फीसाठी बहिणीने गळ्यातली पोत गहाण टाकली होती, असं तुम्ही लिहिलंय आणि लगेच पुढच्या वाक्यात ग्राफिक्स कार्डाकडे वळलात. म्हणजे हा कॉम्प्युटर भाच्याच्या हट्टापेक्षा त्या पोतीसाठी चाललाय. तसं असेल तर बहिणीला यातलं काहीच माहीत नाही, हे मला खटकतं.

आखाजीचा दिवस डोळ्यापुढे आणा. झोका बांधलेला, पुरणाचा स्वयंपाक झालेला, चार पाहुणे बसलेले. तुम्ही खोकी आणून भाच्यापुढे ठेवता. पोरगा आनंदाने नाचतो. त्याच वेळी दाजी ओसरीवर बसलेत. त्यांनी ‘मग बघू’ म्हटलेली वस्तू सासरवाडीत, सगळ्यांच्या देखत मेहुण्याने देऊन टाकली. ते काही बोलणार नाहीत. खान्देशातला जावई आखाजीच्या पानावर बसून बोलत नाही. पण घरी गेल्यावर ते पहिल्यांदा बोलतील ते तुमच्या बहिणीशी, आणि तिने खरं सांगितलं तरी ‘मला माहीतच नव्हतं’ हे त्यांना पटणार नाही.

दाजींच्या ‘आधी अभ्यास’चा अर्थ तुम्ही ‘त्यांना यातलं कळत नाही’ असा लावलाय. मला वाटतं त्यात दोन गोष्टी असतील. एक खरोखरच अभ्यासाची काळजी, कारण पुढच्या वर्षी बारावी आणि सीईटी. दुसरी, जी बाप तोंडाने म्हणत नाही : सध्या जमत नाही. पहिल्या गोष्टीला उत्तर द्यावं लागेल. दुसरीला उत्तर देऊ नका, तिचा मान ठेवा.

तेव्हा आखाजीच्या आधी, एखाद्या रविवारी, तुम्ही स्वतः जा. आधी बहिणीला फोन करून सांगा आणि मग दाजींसोबत बसा. फोनवर दाजींशी हा विषय काढू नका. बोलायचं एवढंच : ‘‘दाजी, पोराला कॉम्प्युटर द्यायची माझी इच्छा आहे. पैसे मी ठेवलेत. पण घर तुमचं, पोरगा तुमचा. कधी आणायचा, कुठे ठेवायचा, किती वेळ लावायचा, हे तुम्ही सांगा.’’ आणि ते बोलायला लागले की मध्ये तोंड घालू नका.

दाजींपुढे ठेवायला तुमच्या हातात एक चांगली गोष्ट आहे. कॉम्प्युटर जोडून घेतला की तो टप्प्याटप्प्याने वाढवता येतो. गेमिंगचा खरा खर्च आणि खरी ओढ असते ग्राफिक्स कार्डात. ते आत्ता घेऊच नका. आत्ता असा कॉम्प्युटर जोडा, ज्याच्या प्रोसेसरमध्येच, म्हणजे मुख्य चिपेतच, बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे. त्यावर अभ्यास होईल, कोडिंग शिकता येईल, हलके गेमही चालतील. पण बोर्ड (ज्यावर सगळे पार्ट बसतात तो) आणि पॉवर सप्लाय असा निवडा की पुढे कार्ड नुसतं खोचलं की झालं. कार्ड बारावीची परीक्षा झाल्यावर. दाजींचं ‘आधी अभ्यास’ही राहतं आणि भाच्याचं ‘मला पाहिजे’ही. पैशाच्या हिशोबानेही, ४५ हजारांत मॉनिटरसकट गेमिंग कॉम्प्युटर करायचा तर मला याहून चांगली वाट दिसत नाही.

आता दुकानदाराच्या २४ हजारांच्या पीसीबद्दल. ‘आय-सेव्हन’ ऐकलं की आपल्याला वाटतं, मोठा प्रोसेसर. पण आय-सेव्हन हे नुसतं घराणं झालं, पिढी कुठली ते विचारा. मॉडेल नंबर मागा. आय-सेव्हन २६०० असेल तर तो दुसऱ्या पिढीचा, २०११ सालचा. १२७०० असेल तर बाराव्या पिढीचा. दोघांच्या खोक्यावर ‘आय-सेव्हन’च लिहिलेलं असतं, आणि दोघांत दहा वर्षांचं अंतर असतं. या भावात १६ जीबी रॅम आणि वर ग्राफिक्स कार्ड मिळतंय म्हणजे जवळपास नक्कीच कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला जुना संच आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या नियमाप्रमाणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली चालत नाही. जुगाड करून टाकलं तरी विंडोज ११ वर व्हॅलोरंटसारखा गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो, त्या या जुन्या बोर्डांवर नसतात. म्हणजे भाच्याला असा गेम हवा असेल तर तो उघडणारच नाही.

आणि ते ‘४ जीबी ग्राफिक्स’. कार्डाची ताकद जीबीवरून ठरत नाही. जीटी ७३० नावाचं एक कार्ड २०१४ पासून बाजारात आहे, ४ जीबीतही मिळतं. नव्या प्रोसेसरच्या पोटातलं फुकटचं ग्राफिक्स त्याला मागे टाकतं. त्याहून वाईट म्हणजे काही कार्डांचं बायोस, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून जुनं कार्ड नव्याच्या नावाने विकलं जातं. विंडोजमध्ये नाव दिसतं एक आणि आत असतं दुसरंच. दुकानदार प्रामाणिक असेलही, पण प्रामाणिक दुकानदार बिलावर प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल नंबर आणि कार्डाचं पूर्ण नाव लिहून द्यायला कचरत नाही. तेवढं मागून बघा.

जुना माल सगळाच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. आठव्या-नवव्या पिढीचा आय-फाइव्हवाला ऑफिसचा संच चांगल्या स्थितीत मिळाला तर अभ्यासाला उत्तम. ज्यांचं बजेट १५-२० हजारांच्या वर जाणारच नाही, त्यांनी तोच घ्यावा. फक्त या कंपनी-संचांचा पॉवर सप्लाय आणि बोर्ड बहुतेकदा त्यांच्याच मापाचा असतो, पुढे मोठं कार्ड बसत नाही. तुमच्या बारावीनंतरच्या बेताला तो अडचणीचा.

पुण्याच्या भावाची ८५ हजारांची यादी चुकीची नाही. ती पुण्याच्या फ्लॅटसाठी आहे. तिथे व्होल्टेज स्थिर, खोलीत एसी. त्यात काचेच्या कॅबिनेटला (डब्याला) आणि रंगीत दिव्यांच्या पंख्यांना पैसे आहेत, यूपीएसला एक रुपया नाही. आपल्याकडे हिशोब उलटा लावावा लागतो.

यादी करण्याआधी भाच्याला एक प्रश्न विचारा : तुला नेमके कोणते तीन गेम खेळायचेत? कागदावर लिहून घ्या. तो फोनवर बीजीएमआय किंवा फ्री फायर खेळत असेल तर ते मुळात फोनचे गेम आहेत, कॉम्प्युटर घेतल्याने त्यात काही मोठा फरक पडत नाही. व्हॅलोरंट किंवा माइनक्राफ्ट म्हणाला तर कार्डाशिवाय छान भागतं. जीटीए ५ म्हणाला तर २०१५ साली पीसीवर आलेला गेम आहे, सेटिंग उतरवून चालतो. मात्र त्यावर १८ वर्षांवरच्यांसाठी अशी खूण असते, हे बहीण-दाजींना आधी सांगा. आत्ताआत्ताचे जड गेम म्हणाला तरच कार्डाचा विषय निघतो, आणि ते तर बारावीनंतर ठरलंय. पुष्कळ मुलं ‘आरटीएक्स’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढे गेम नसतो, व्हिडिओतला दिव्यांचा झगमगाट असतो. त्यात त्यांचा दोष नाही. विचारलं की त्यांचं त्यांनाच कळतं.

आता पार्ट. आपल्याकडे अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात, त्यामुळे दुकानात घोटाळा होतो. डब्याला कॅबिनेट म्हणा आणि आतल्या चिपेला प्रोसेसर.

प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००जी. सहा कोअर, बारा थ्रेड, आत ग्राफिक्स. तो नवा नाही, २०२१ चा आहे, आणि ज्या एएम४ बोर्डावर बसतो ती जातही आता मागची झालीय. तरी तोच सांगते, कारण याचा बोर्ड स्वस्त पडतो आणि याला डीडीआर४ रॅम चालते. एएम५ची नवी जात घेतली तर पुढे प्रोसेसर बदलायला वाव जास्त, पण तिला डीडीआर५ रॅम लागते. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलल्यामुळे रॅमचे आणि एसएसडीचे (फाइली साठवायच्या ड्राइव्हचे) भाव चढलेत. तुमच्या ४५ हजारांत ती ओढाताण मला नको वाटते. भाव दर आठवड्याला हलतात, म्हणून आकडे मी देत नाही. एकाच दिवशी तीन ठिकाणी विचारा.

नावातलं शेवटचं अक्षर नीट वाचा. एएमडीत ‘जी’ असेल तर आत ग्राफिक्स आहे. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नाही, वेगळ्या कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या दिराच्या मुलासाठी मी आय-थ्री १२१००एफ मागवला होता, पाचशे-सातशे रुपये वाचतात म्हणून. सगळं जोडलं, पंखा फिरला, आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’. आम्ही रॅम काढून बसवली, केबल बदलली, मॉनिटर शेजारून आणून पाहिला. दोन दिवस तो पोरगा माझ्याकडे बघत होता की काकू काहीतरी करेल. तिसऱ्या दिवशी खोक्यावरचं ते एक अक्षर दिसलं. परत घ्यायला दुकान तयार नव्हतं, सील फुटलं होतं. शेवटी आणखी पैसे घालून एक जुनं कार्ड आणावं लागलं.

रॅम १६ जीबी, पण एकच १६ ची पट्टी घेऊ नका. आठ-आठच्या दोन घ्या. प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनी घेतं. दोन पट्ट्या असल्या की दोन वाटांनी माल येतो आणि गेममध्ये फरक डोळ्याला दिसतो. स्टोरेज ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी. बोर्ड बी५५० घ्या. ए५२० स्वस्त पडतो आणि चालतोही, पण थोडे जास्त गेले तरी पुढे प्रोसेसर बदलायचा झाला तर बी५५० बरा.

आणि पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस. दुकानात बहुतेक कॅबिनेटबरोबर फुकट किंवा चार-पाचशेला मिळतो. तो घेऊ नका. खोक्यावर ‘८० प्लस ब्रॉंझ’ची खूण असलेला, ओळखीच्या कंपनीचा, ५५० वॅटचा घ्या. आज तुमच्या संचाला इतकी वीज लागणारच नाही, पण बारावीनंतर कार्ड आलं की हाच पुरेल. हलका एसएमपीएस एकटा जात नाही. जाताना बोर्डही घेऊन जातो, कधी एसएसडीतला सगळा डेटाही.

दाजींच्या गावात शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज उतरतं, बंद झाले की उसळतं, आणि डीपी जळाली तर आठ-आठ दिवस विचारू नका. हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस पहिल्या दिवसापासून पाहिजे, ‘नंतर घेऊ’ नाही. कार्ड नसलेला हा संच मॉनिटरसकट त्यावर आरामात चालतो. यूपीएस गेम खेळत राहण्यासाठी नाही. वीज गेली की काम सेव्ह करून नीट बंद करायला पाच-दहा मिनिटं मिळावीत म्हणून आहे. आपल्या उन्हाळ्यात त्याची बॅटरी लवकर म्हातारी होते, दोन-तीन वर्षांनी बदलायची तयारी ठेवा.

त्याच्याही आधी अर्थिंग. जुन्या घरात तीन पिनांचा सॉकेट असतो पण तिसरी वायर कुठेच गेलेली नसते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि लोक म्हणतात, कॉम्प्युटरला करंट आहे, असतोच. असत नाही! अर्थिंग नसल्यावर एसएमपीएसमधून गळणारा थोडा करंट जमिनीत जायच्या ऐवजी पत्र्यावर येऊन थांबतो. गावातल्या वायरमनला बोलावून खड्डा, मीठ-कोळसा आणि इलेक्ट्रोड घालून नीट अर्थिंग करून घ्या. हा खर्च ४५ हजारांतच धरा. यात बहिणीच्या मिक्सर-फ्रिजचीही सोय होते, आणि मला विचाराल तर या सगळ्यात खरी भेट तीच आहे.

आता कापूस. दाजी पुढच्या खोलीत कापूस भरतात का? भरत असतील तर कॉम्प्युटर त्या खोलीत अजिबात नको. मी क्लास चालवत होते तेव्हा पारोळ्याकडच्या एका विद्यार्थ्याचा कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी आपोआप बंद पडायचा. व्हायरस म्हणून दोनदा विंडोज टाकून झालं होतं. त्याच्या घरी जाऊन कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरवरचा पंखा दिसेचना. पात्यांच्या खाली, ॲल्युमिनियमच्या जाळीवर करड्या कापसाची नमद्यासारखी घट्ट घडी बसलेली. चिमट्याने उचलली तर अख्खी एका तुकड्यात निघाली, पंख्याच्या गोल आकारासकट. खाली जाळी हाताला चटका बसेल इतकी तापलेली. शेजारच्या खोलीत छताला टेकलेला कापूस. मला त्या बंद पडण्यापेक्षा त्या कापसाचीच भीती वाटली. आणि दाजी जिनिंगवरून येतात ते कपड्यांवर, केसांवर तंतू घेऊनच येतात. त्यांनी कपडे झटकायची जागा कॉम्प्युटरपासून लांब असावी.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. दुपारी पत्र्याच्या खोलीत ४२-४३ असलं की प्रोसेसरचा हिशोब तिथूनच सुरू होतो. पंखा खोलीतलीच हवा मारतो, त्याहून गार हवा कुठून आणेल? ५६००जी ९५ अंशांपर्यंत तग धरतो, त्यापुढे स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. भाच्याला वाटेल गेम अडकतोय, कार्ड पाहिजे. कार्ड नको असतं, कॅबिनेटला समोरून जाळी हवी असते. म्हणून काचेचं तोंड असलेलं कॅबिनेट नको. समोर जाळी, पुढे एक पंखा हवा आत घेणारा, मागे एक बाहेर टाकणारा, आणि पुढच्या जाळीमागे धूळ अडवायचं निघणारं फिल्टर. ते फिल्टर कापसाच्या हंगामात दर आठवड्याला झटकायचं. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीवर नाही, पाटावर. आणि खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत थेट त्यावर सोडू नका. लोकांना वाटतं गार हवा लागली की बरं. पण त्या ओल्या हवेत तुषार असतात, आणि ओल्या पंख्यावर धूळ चिखलासारखी धरते. उन्हाळ्यात गेम रात्री नाहीतर सकाळी, हा नियम यंत्रासाठीही चांगला आणि पोराच्या डोळ्यांसाठीही.

जोडणी दुकानात करून आणू नका. ती भाच्याकडून करून घ्या. वर्षभर तो त्याचेच व्हिडिओ बघतोय! एक मोठं टेबल, उजेड आणि एक फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर एवढं पुरे. सुती कपडे घालून, आधी उघड्या धातूला हात लावून बसावं, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर बारीक सोनेरी त्रिकोण असतो, बोर्डावरच्या त्रिकोणाशी तो जुळवायचा आणि प्रोसेसर नुसता सोडायचा. आपोआप बसतो. दाबायचा नाही, खालच्या पिना केसासारख्या असतात. रॅमच्या चार खाचा असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या घालायच्या, ‘टक्’ आवाज येईपर्यंत. प्रोसेसरच्या खोक्यात येणाऱ्या कूलरला, म्हणजे पंखा-जाळीला, उष्णता वाहून नेणारी पेस्ट आधीच लावलेली असते, वरून आणखी लावायची नाही. सुरू झाल्यावर बोर्डाच्या बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा डीओसीपी चालू करायचं, नाहीतर ३२०० ची रॅम घेऊनही ती कमी वेगाने पळत राहते आणि कुणाला कळतही नाही. हे सगळं त्याने दाजींसमोर करावं. आपला पोरगा हातात काय धरू शकतो हे बापाने बघणं, याला मी फार किंमत देते.

तुमच्या आईची ‘बिघडेल’ची भीती उडवून लावू नका. गावोगावी मुलांनी फोनवर रमीत पैसे घालवलेले त्यांनी ऐकले असतील. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम वेगळे, आणि त्यांच्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून बंदी घातलीय. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला स्पर्धा म्हणून मान्यता आहे. हा फरक त्यांना समजावून सांगा. तरी गेममध्ये बंदुकीचे रंग, कपडे असलं विकत घेण्यात पैसे जातात, म्हणून बहिणीचं किंवा दाजींचं यूपीआय त्या कॉम्प्युटरला जोडू नका. आणि कॉम्प्युटर पडद्यामागे किंवा माळ्यावर न ठेवता बहिणीचं येता-जाता लक्ष जाईल असा ठेवा. वेळेचा नियम तिने आणि दाजींनी ठरवावा. मामाने ठरवू नये, आणि पोराने फोन करून रडगाणं गायलं तरी मोडूही नये.

दाजी ‘नाही’ म्हणाले तर? तर नाही. पैसे बँकेत टाका आणि बारावीनंतर पूर्ण संच एकदम घ्या, तोवर तुमच्या हातात कार्डाचेही पैसे येतील. ‘लॅपटॉप घेऊ, कॉलेजला नेता येईल’ असं म्हणाले तर ऐका, त्यात तथ्य आहे. फक्त भाच्याला स्पष्ट सांगा की या पैशात गेमिंगचा लॅपटॉप होत नाही, आणि लॅपटॉपमध्ये पुढे कार्ड घालता येत नाही. ही निवड त्याने बापाबरोबर बसून करावी.

खरेदीला भाच्याला घेऊन जा. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये चार दुकानांत हिंडा, ऑनलाइन भाव हातात ठेवा. थोडा फरक असेल तर जवळचं दुकान बरं, बिघडलं तर उभं राहायला दार असतं. प्रोसेसर खोक्यातला सीलबंदच घ्या, त्यावर एएमडीची ३ वर्षांची वॉरंटी असते. सुट्या ‘ट्रे’च्या चिपेवर ती नसते. प्रत्येक पार्टचं जीएसटी बिल, सीरियल नंबरसकट. ‘बिलाशिवाय स्वस्त पडेल’ म्हणाले तर पुढच्या दुकानात चला. खोकी वर्षभर टाकू नका. बिलांचे फोटो तुमच्या, भाच्याच्या आणि दाजींच्या, तिघांच्या फोनमध्ये ठेवा, कारण दुकानाच्या बिलाची शाई सहा महिन्यांत उडते.

आधी रविवारी जाऊन या. दाजी काय म्हणाले ते कळवा. हो म्हणाले असतील तर भाच्याला त्याच्या हाताने पार्टांची यादी लिहायला सांगा, पूर्ण मॉडेल नंबर घालून, आणि पैसे देण्याआधी तिचा फोटो मला धाडा. शेवटची अक्षरं आणि एसएमपीएसची खूण मी स्वतः बघून देते.

तुमची,
ताई